भरती यायच्या आत

कल्पिता रोज मुलं यायच्या आधी मैदानावरून अनवाणी चालायची. मैदान म्हणजे किहीमच्या किनाऱ्यावरची वाळू. ओहोटी लागली की ती घट्ट बसते, आणि कॉलेजची कबड्डी तिथेच रंगते. तळव्याला फुटकं शिंपलं टोचलं, बाटलीची काच लागली, की ती वाकून उचलायची आणि ओढणीच्या टोकात बांधायची. मुलांना वाटायचं, मॅडमना समुद्र आवडतो. खरं तर तिला भीती वाटायची, आणि ती भीती पायांनी चाचपून पाहिल्याशिवाय तिचा दिवस सुरू होत नसे.

ती मिठागरवाल्यांच्या घरातली. शाळेत असताना स्वतः चढाई करायची. गुडघा फिरला तेव्हा गावातल्या हाडं बसवणाऱ्या जाणत्याने तेल लावून तो ओढला, आणि तिचा खेळ संपला. मग ती नवी मुंबईला फिजिओथेरपी शिकली, खेळाडूंच्या दुखापतींचं शिक्षण घेतलं आणि मुंबईतली नोकरी सोडून अलिबागजवळच्या कॉलेजात आली. तिचं काम नेमकं काय, हे कॉलेजला सांगता यायचं नाही. मुलं तिला पट्टीवाली मॅडम म्हणायची. घोट्याला पट्टी बांधून घेताना संघातला प्रज्योत हटकून विचारायचा, नखालाही एक पट्टी मारणार का? ती हसायची नाही. मग तो पुढच्या मुलाला सांगायचा, गप बस, मॅडम देवाचं नाव घेतायत.

त्या रविवारी सराव संध्याकाळी होता. प्रज्योतचे वडील हिरामण टेम्पो लावून बघायला थांबले होते. प्रज्योत चढाईला गेला, घोट्यात पकड बसली, तो तोंडावर पडला आणि वरून तिघे कोसळले. ते उठले. तो उठला नाही.

इकडे पडलेल्या खेळाडूला पडू देत नाहीत. बगलेत हात घालून उभा करायचा, एक झटका द्यायचा, पाठीवर थाप मारायची. कळ निघून जाते म्हणतात. दोघांनी त्याच्या बगलेत हात घातलेही होते. कल्पिता धावत गेली आणि वाळूत पालथी पडून तिने त्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं.

"सोडा त्याला. कुणी हात लावायचा नाही."

मान कशी धरायची हे ती शिकली होती ते रबरी पुतळ्यावर. पुतळ्याला घाम येत नव्हता. प्रज्योतचे कान तिच्या तळव्यांखाली गरम लागत होते. गाल वाळूत रुतलेला, डोळे उघडे.

"मॅडम," तो हळूच म्हणाला, "पाय हायत ना माजे?"

"आहेत. वाळू लागलीय त्यांना."

तिने एकाला तळव्याला चिमटा काढायला सांगितलं. प्रज्योतला चिमटा जाणवलाच नाही. दुसऱ्या पायाला मुंग्या आल्यासारखं वाटतंय म्हणाला. तिने हातांची पकड जराही हलू दिली नाही.

अ‍ॅम्ब्युलन्सला फोन लागला होता, पण रविवारच्या पर्यटकांनी रस्ता भरलेला. आणि पाणी फिरलं होतं, भरती लागली होती. आधी फेस आला, मग मैदानाची आखलेली रेघ एका बाजूने पुसली गेली. हिरामण तिच्या डोक्याशी येऊन उभे राहिले. म्हणाले, टेम्पो उभा हाय, उचला नि टाका. ती नाही म्हणाली.

"पोरगा माजा हाय, मॅडम. तुमचा न्हाय."

आपण चुकत असू, हे तिला त्या क्षणी अगदी स्पष्ट दिसलं. तो इथेच भिजेल, गारठेल, आणि जन्मभर सगळे म्हणतील, बापाला उचलू दिलं नाही. पाणी तिच्या पावलांना लागलं.

"काका, गुणफलक आणा," ती म्हणाली. "तो प्लायवूडचा."

हिरामण वळून पळाले.

तिने मुलांना त्याच्या एका अंगाला ओळीने बसवलं. कुणाचा हात खांद्यावर, कुणाचा कमरेवर, कुणाचा मांडीवर. ती म्हणाली, साखळी धरतो तसं, एक सुटला तर सगळे बाद. मी हां म्हणेन तेव्हाच. पोरांचे चेहरे पांढरे पडले होते, पण साखळी त्यांच्या अंगात मुरलेली होती. तिने हां म्हटलं. मान, पाठ, पाय एकदम वळले, ओंडका वळावा तसे. हिरामणनी आणलेली गुणफलकाची फळी खाली सरकली. तिच्या ओढणीने आणि पोरांच्या शर्टांनी त्याला बांधलं, आणि पाणी घोट्याशी असताना सगळे सुरूच्या झाडांकडे निघाले. डोकं धरून ती वाकलेलीच चालत होती. हिरामण पायांकडे होते, मुलाच्या बोटांवरून नजर न हलवता.

अ‍ॅम्ब्युलन्समध्येही तिने हात काढले नाहीत. अलिबागच्या रुग्णालयात डॉक्टरांनी मानेला पट्टा चढवला, तेव्हाच तिला हात काढायला लावले.

मणक्याला तडा होता, पण मणका सरकला नव्हता. उजव्या पायाची बोटं हलली. डाव्या पायाचा अंगठा बऱ्याच वेळाने जरासा हलला. पुढचं आत्ता सांगता येणार नाही, डॉक्टर म्हणाले. खेळाचं तर कुणी विचारलंच नाही.

कल्पिता बाहेरच्या बाकावर बसली. आता काही धरायचं उरलं नव्हतं, आणि आता तिचे हात हलायला लागले. तिने ते मांडीखाली दाबले. हिरामण कॅन्टीनमधून चहा घेऊन आले. त्यांनी कप तिच्यापुढे केला, आणि धरूनच उभे राहिले.

ती म्हणाली, "बाकावर ठेवा, काका. जरा निवू दे."