चौथं दार

माझे वडील गवंडी. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. फाळणीनंतर कोल्हापूरबाहेर निर्वासितांची छावणी होती, तिथं शिखांची काही घरं आली. त्यांनी गुरुद्वाऱ्यासाठी एक बराक घेतली आणि काम आबांना दिलं. मी तेव्हा चौथीत होते.

बराकीला एकच दार होतं. त्यांना चार हवी होती, चारी भिंतींना एकेक. छप्पर खचेल म्हणून आबा कुरकुरले. मग तिथल्या म्हाताऱ्या सरदारबाबांनी मोडक्यातोडक्या मराठीत समजावलं, कुठल्याही दिशेनं, कुठल्याही जातीचा माणूस आत यावा म्हणून चार. जमीनही पायरीभर खाली घ्यायला लावली, येणाऱ्यानं उतरूनच यावं म्हणून. आत मूर्ती नव्हती. चौथऱ्यावर त्यांचा ग्रंथ, वर चांदवा. आबांना हे पटलं होतं. घरी कौतुकानं सांगायचे.

चौथं दार बसलं त्या दिवशी मी भाकरी घेऊन गेले होते. सरदारबाबांनी सगळ्यांना पंगतीला बसवलं. विटा वाहणारे महारवाड्यातले गडी, आबा आणि मी, एका सतरंजीवर, डोकी झाकून. आबांनी डाळ दोनदा मागून घेतली.

बातमी आमच्याआधी घरी पोचली. थोरल्या चुलत्यांनी आबांना अंगणातच अडवलं. "महारांच्या मांडीला मांडी लावून जेवलास व्हय रं?"

"मी न्हाय, दादा. मी झाडाखाली माझी भाकरी खाल्ली. पोरगी बसली आसंल, तिला काय कळतंय?"

मी आबांकडं बघत होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. चुलतीनं माझ्यावर गोमूत्र शिंपडलं आणि माझं ताट घरामागच्या परड्यात मांडलं. आबा पुढच्या सोप्यात सगळ्यांबरोबर जेवायचे.

आठवड्यानं सरदारबाबा झाकलेली वाटी घेऊन दारात आले. पोरगी तापानं पडलीय, असं आबांनी त्यांना सांगितलं होतं. चुलते सोप्यातच होते. आबांनी घाईघाईनं वाटी घेतली आणि ते सरदारबाबांना वाटेला लावायला लागले.

मी परड्यातून पुढं आले. "मला ताप न्हाय, बाबा. तुमच्याकडं आबांच्या शेजारी बसून जेवले, म्हणून मला भाईर बसवलंय."

एवढी मराठी त्यांना कळली. चुलत्यांनाही. सरदारबाबांनी आबांच्या हातातली वाटी काढून माझ्या हातात दिली. कणकेचा, तुपातला शिरा होता. मी तिथंच उभ्यानं संपवला.

संध्याकाळी आबांचं ताटही परड्यात, माझ्या शेजारी मांडलं गेलं. ते बसले नाहीत. मी माझं जेवून घेतलं.