स्वतःबद्दल चार ओळी

मुदखेड स्टेशनवर नांदेडच्या गाडीची वाट बघत बसलो होतो. शेजारच्या बाईंनी मोबाईल पुढे केला. "भाऊ, एवढं लिवून द्या की."

लेकीनं त्यांना बाळांच्या दुपट्यांचं ऑनलाइन दुकान काढून दिलं होतं. 'स्वतःबद्दल' हा रकाना तेवढा रिकामा होता.

मी मराठीचा शिक्षक. 'परंपरेचा वारसा जपणारे कुशल हात' वगैरे झोकात लिहून वाचून दाखवलं. मांडीवरच्या दुपट्याची शिवण अंगठ्यानं चाचपत त्यांनी ऐकलं.

"चांगलं हाय. पण ही बाई कोण?"

मग त्या सांगतील तसंच लिहिलं. पहिलं दुपटं नातीसाठी शिवलं. नात जगली न्हाई. ते शेजारणीच्या लेकराला दिलं. लेकरू त्यात निवांत झोपलं. तवापासून शिवून राहिले.

मी तेही वाचून दाखवलं.

"भाऊ, नातीचं तेवढं काढा."

"का? खरं आहे ना?"

"खरं हाय. पण पोटुशी बाई वाचंल. तिच्या जिवाला घोर कशाला?"

मी नातीचं पुसलं. शेजारणीचं लेकरू तेवढं राहिलं, निवांत झोपलेलं.