सासू काहून नाही घेतली?

माझ्या पहिल्या कथेतला नवरा बायकोशी सलग दीड पान बोलत होता, श्वासही न घेता. बायकोही काही कमी नव्हती. तिचं उत्तर पावणेदोन पानांचं. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते, सातवी पास होते, लग्नाला दोन वर्षं झाली होती, आणि आपण काहीतरी फार थोर लिहितो आहोत याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. लिहिता लिहिता रडायचे, आणि रडता रडता आपलंच वाक्य पुन्हा वाचून खूश व्हायचे. आता कोणी विचारतं, बाई, तुमच्या पात्रांचं बोलणं इतकं खरं कसं वाटतं, तेव्हा मी काहीतरी भारदस्त सांगून वेळ मारून नेते. खरं उत्तर असं की संवाद लिहायला मला माझ्या सासूबाईंनी शिकवलं, आणि त्यांना सहीसुद्धा करता येत नव्हती.

आमचं गाव मंगरूळपीरपासून बैलगाडीने दीड तासावर. घरात माणसं तीनच: सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणायचे, त्यांचा एकुलता एक मुलगा, म्हणजे माझा नवरा, आणि मी. सासरे मी यायच्या आधीच वारले होते. चौथी म्हैस. तिला मोजायलाच हवं, कारण घरातलं निम्मं बोलणं तिच्यामार्फत चालायचं. मोठ्या माणसासमोर नवरा-बायकोने एकमेकांशी बोलायचं नाही, असा रिवाज. मग नवरा सकाळी बैल घेऊन निघताना म्हशीला सांगायचा, "आज वावरात भाकर लवकर आली तं बरं होईन, काय वो?" म्हैस रवंथ करत राहायची आणि मी लवकर भाकरी थापायला बसायचे. मलाही काही सांगायचं असलं की मी गोठ्याकडे तोंड करून म्हणायचे, "मीठ सरलं वाटते." संध्याकाळी मीठ हजर. त्या म्हशीला आमच्या संसाराची खडान्‌खडा माहिती होती.

त्या उन्हाळ्यात नवऱ्याला मास्तरकीची ऑर्डर आली. शाळा शिरपूरच्या बाजूला, म्हणजे रोज घरून जाऊन येण्यासारखी नाही. शेत बटईने, अर्ध्या वाट्यावर, दुसऱ्याला द्यायचं ठरलं, त्याने तिकडे खोली पाहिली, शाळा उघडायच्या आत निघायचं ठरलं. माझं काय, हे मात्र कोणी बोलेना. नवरा नोकरीवर जातो आणि सून सासूजवळ राहते, हे इतकं ठरलेलं होतं की ते वेगळं ठरवायची गरजच कोणाला वाटत नव्हती. आणि मला जायचं होतं. इतकं जायचं होतं की शिरपूरला जाणारी मोटार कुठून सुटते, तिला किती वेळ लागतो, हे मी कधी न जाताही पाठ केलं होतं. पण विचारणार कोणाला? उन्हाळाभर नवरा खळ्यावर झोपायचा आणि आम्ही दोघी अंगणात. शिवाय मला नेणं त्याच्या हातात नव्हतंच. आईपुढे हा विषय काढायची त्याची छाती नव्हती, आणि माझी तर त्याहून नव्हती.

म्हणून मी कथा लिहायला घेतली. मला जे विचारता येत नव्हतं ते माझी नायिका पावणेदोन पानं विचारत होती.

आत्याबाईंनी मला एका दुपारी पकडलं. मी धान्याच्या कोठीआड बसून, नाक ओढत, वहीत खरडत होते. सून रडते आहे आणि लिहिते आहे, याचा अर्थ त्या काळी कोणत्याही सासूने एकच घेतला असता.

"माहेरी चिठ्ठी लिहून राह्यली काय वो? माह्यं गाऱ्हानं?"

"नाही जी आत्याबाई, गोष्ट हाये."

"मंग वाच. मलेबी ऐकू दे कशी हाये ते."

शपथ घेतली असती तरी त्यांचा विश्वास बसला नसता, तेव्हा वाचण्याला पर्याय नव्हता. त्या पाटावर शेवया करत होत्या. मी समोर बसले आणि पुस्तकी आवाज लावून सुरू केलं, "प्रिये, नियतीने आपली ताटातूट केली तरी माझ्या अंतःकरणात..."

"थांब. हा कोनाले बोलून राह्यला?"

"बायकोले."

"तोंडावर?"

"हो."

"दिवसा?"

"दिवसाच."

आत्याबाईंचा हात थांबला. "तिले सासू नाही काय?"

"हाये... म्हंजे गोष्टीत घेतली नाही."

"काहून नाही घेतली?"

नदीकाठ घेतला होता, चांदणं घेतलं होतं, दोन राघू घेतले होते. सासू तेवढी राहिली होती.

"मेली का बाजारात गेली? सासू घरात नाही म्हनून तं एवढे बोलून राह्यले दोघं! तिले आन पह्यले. बसव तिले तिथं, शेवया करत. मंग पाह्य, किती बोलते तुहा तो नवरा."

मी सासू आणून बसवली, आणि काय सांगू, दीड पानाचं भाषण जागच्या जागी कोसळलं! त्या बिचाऱ्याला तोंड उघडता येईना. "आता हा काय बोलन?" मी विचारलं. "म्हशीसंग बोलन," आत्याबाई म्हणाल्या, उठल्या, पदर खोचला, आणि चक्क माझ्या नवऱ्याची चाल चालत गोठ्यापर्यंत गेल्या. त्याच्यासारखंच मान खाजवून म्हशीला म्हणाल्या, "तिकडं खानावळ नाही म्हनतेत वो. माह्या हातच्या भाकरी तं करपतेत." मग वळून, डोक्यावर पदर ओढून, माझा नाकातला आवाज काढून चुलीला म्हणाल्या, "तिकडच्या इहिरीचं पानी गोड हाये का खारट, कोनाले मालूम!" मी हसून हसून आडवी झाले. आत्याबाईही भिंतीला टेकून हसत होत्या, पाटावरच्या शेवया एकमेकींत गुंतून पार गोळा झाल्या होत्या, आणि तेवढ्यात नवरा खळ्यावरून आला. आईला पदरात तोंड खुपसून हसताना त्याने कधी पाहिलं नसावं. त्याने घाबरून म्हशीलाच विचारलं, "काय झालं वो?" त्यावर आम्ही पुन्हा सुरू.

तेव्हापासून रोज दुपारी आमची कथा चाले. त्या सांगायच्या, मी पेन्सिलीने लिहायचे. माणूस मनातलं कधीच पहिल्या वाक्याला बोलत नाही. बायकोला सोबत जायचं असेल तर ती विहिरीचं पाणी विचारते. दोघं बोलत असतील तर ऐकणारं तिसरं कोण आहे ते आधी बघायचं. हे धडे त्यांनी धडे म्हणून दिले नाहीत. त्यांना फक्त खोटं सहन व्हायचं नाही. "असं कोनी बोलते काय!" एवढीच त्यांची समीक्षा, आणि पुढे भेटलेल्या एकाही समीक्षकाचा मला इतका धाक वाटला नाही.

सगळं भराभर जमत गेलं आणि एका जागी अडलं. सून विहिरीचं विचारते, नवरा करपलेल्या भाकरीचं सांगतो. सासू ऐकते. आता सासू काय म्हणेल?

मी वहीत बघतच विचारलं. त्यांनाही कळलं होतं, मी काय विचारते आहे ते.

"लिही," त्या म्हणाल्या. "सासू म्हनते, 'तो सुट्टीत येतेच. तिले तिकडं जाऊन काय करा लागते?'"

मी लिहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःहून मला वाचून दाखवायला लावलं आणि तोंड वाकडं केलं. "खोड ते. लयच कजाग दिसून राह्यली."

मग नवीन आलं: "'जाय बाई. मी मेली तं शेजारचे येतीन उचलाले.'" हे ऐकून त्यांनाच हसू फुटलं. "हे तं नाटक झालं. खोड."

तिसऱ्या दिवशी सासू काहीच बोलली नाही. चौथ्या दिवशीही नाही. खोडून खोडून कागद पातळ झाला, आणि मला एकदम उमगलं की आत्याबाई वहीशी बोलताहेत, जसे आम्ही दोघं म्हशीशी बोलायचो. एवढ्या मोठ्या घरात त्या एकट्या राहणार होत्या आणि त्यांना भीती वाटत होती. माझी मलाच लाज वाटली. इतकी पानं भरली, पण या बाईची भीती मी एका ओळीतही लिहिली नव्हती.

"आत्याबाई," मी म्हणाले, "सून जातच नाही असं करू काय?"

त्या अशा काही रागावल्या! "मंग इतके दिवस कायले लिहून राह्यलो आपुन? काही कामाची नाही तू!" आणि तरातरा पाणी भरायला निघून गेल्या.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी नवऱ्याची ट्रंक भरून दारात ठेवलेली होती. तो गल्लीत गाडीचे बैल सोडत होता. मी ओसरीवर ज्वारी निवडत बसले होते आणि मला एकही दाणा दिसत नव्हता. आत्याबाई आल्या, समोर टेकल्या.

"वही आन."

मी आणली.

"लिही. सासू म्हनते, 'ने रे तिले. मले एकटीले भेव वाटते. पन ते माह्यं भेव हाये, तिच्या गयात कायले बांधू?'" त्या थांबल्या. "लिहिलं?"

"लिहिलं."

"वाच."

मी वाचलं. 'खोड' कधी येतं याची मी वाट बघत होते. त्या ज्वारीत हात घालून बसल्या होत्या.

"असं बोलते मानूस," त्या म्हणाल्या. "राहू दे तसंच."

मग मला काय झालं मला ठाऊक नाही. सूप उपडं झालं, ज्वारी ओसरीभर झाली, डोक्यावरचा पदर खांद्यावर आला आणि मी तशीच दारात धावले. दोन वर्षांत दिवसाउजेडी नवऱ्याशी एक शब्द बोलले नव्हते, आणि आता भर गल्लीत, सगळ्यांच्या देखत, ओरडले, "अजी, मी येऊन राह्यली!"

दोन-तीन दारांतून डोकी बाहेर आली. नवऱ्याच्या हातातला कासरा सुटला. त्याने आधी माझ्यामागे उभ्या असलेल्या आईकडे पाहिलं, मग सरळ माझ्याकडे, आणि म्हणाला, "चाल."