होडीवाल्या वहिनी

होडीवाल्या वहिनी कुणाशीही बोलत असल्या तरी त्यांचे डोळे समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर असत. वारा कुठून आहे, किती आहे, हे त्या लोकांच्या साड्या-लुंग्यांवरून ठरवत. आमच्या बोळात नव्यानं राहायला आलेली एक बाई एकदा पदर खोचून भांडायलाच आली. "काय ओ, माझ्या नवऱ्याच्या बनियनकडं काय बघताय रोज?" वहिनी शांतपणे म्हणाल्या, "बनियन न्हाय ओ, वारं बघते. पश्चिमेचं हाय आज." त्यानंतर महिनाभर त्या बाईनं कपडे घरातच वाळवले.

वहिनींचे यजमान, म्हणजे आमचे मिस्त्री, उद्यमनगरात फौंड्रीसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे नमुने, करायचे. रिटायर झाल्यावर माणसं कट्ट्यावर जाऊन बसतात. ह्या गृहस्थानं अंगणात शिडाची होडी केली. शीड वहिनींनी आपल्या शिलाई मशीनवर शिवलं, पण चादरीसारखं सपाट. कळंबा तलावात होडी नुसती डुलत राहिली. काठावरची माणसं पोट धरून हसली! मिस्त्री घरी येईपर्यंत धुमसत होते. वहिनींनी सगळी शिवण उसवली. "ब्लाऊजला टक्स घातले न्हाईत तर अंगात बसंल काय? ह्यालाबी पोट पायजे की," म्हणाल्या. पुढच्या रविवारी होडी अशी सुटली की मिस्त्रींची टोपी पाण्यात गेली.

घरात सगळं मिस्त्रींच्या मर्जीनं चाले, अगदी आमटीतल्या तिखटापर्यंत. होडीत मात्र सुकाणू वहिनींच्या हातात आणि शिडाचा दोर मिस्त्रींच्या. "जमिनीवर तुमचं, पाण्यात माझं," हा वहिनींचा कायदा. मी शाळामास्तरीण, पोहता येत नाही, तरी ह्या दोघांच्या नादानं तरंगायचं जाकीट घालून कितीदा तरी त्या होडीत बसले. मी जीव मुठीत धरून देवाचं नाव घ्यायला लागले की वहिनी म्हणायच्या, "घ्या, नाव घ्या. पण बाई, जरा तिकडं सरकून घ्या."

दिवाळी झाली की टेम्पोत होडी घालून ते चंदगडकडच्या एका धरणावर जात. मिस्त्रींचं आजोळ त्या पाण्याखाली गेलं होतं. पार आतल्या टोकाला गावची टेकडी तेवढी वर राहिलेली. तिथं जायला रस्ता उरला नव्हता. तिच्यावर एकदा पाय ठेवायचा, एवढंच मिस्त्रींना हवं होतं. पण वारा नेमका त्याच टोकाकडून यायचा. समोरच्या वाऱ्यात नागमोडी जावं लागे, तेवढ्यात दोन वाजत, आणि दोन वाजले की, वारा पडायच्या आत परतायचं म्हणून, वहिनी होडी फिरवायच्या. दरसाल मिस्त्री रुसायचे आणि पुढच्या साली पुन्हा टेम्पो ठरवायचे.

शेवटच्या खेपेला मीही होते. मिस्त्रींच्या छातीचं दुखणं सुरू झालं होतं आणि त्यांच्या पुण्याच्या मुलानं बजावलं होतं, एवढी एकच वेळ. त्या दिवशी वारा समोरूनच होता, पण जरा तिरका आणि भला. बारालाच टेकडी इतकी जवळ आली की झाडांची पानं वेगळी दिसायला लागली. मी तर टाळ्या वाजवल्या. वहिनी मात्र टेकडीकडं बघत नव्हत्या. मिस्त्रींनी दोर डाव्या हातातून उजव्या हातात घेतला होता आणि त्यांच्या कपाळावर घाम होता. वहिनींनी सुकाणू ओढलं.

"अगं, पोचलो की! धा मिनटं!" मिस्त्री ओरडले.

"तुमचा हात बघितला मी."

"ऊन लागलंय नुसतं! माझ्या आईचं गाव हाय ते!"

"आणि माझं गाव तुम्ही हायसा!" वहिनी त्यांच्यापेक्षा मोठ्यानं ओरडल्या. रडत होत्या.

होडी फिरली. पाठीवर वारा घेऊन आम्ही भरभर काठाला आलो आणि तसेच दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं. मिस्त्री त्यानंतर चार वर्षं जगले. होडी अंगणात पालथी पडली. टेकडीचं नाव दोघांनीही कधी काढलं नाही.

मिस्त्री गेले आणि मुलगा वहिनींना पुण्याला न्यायला आला. निघायच्या दिवशी गाडीत सामान चढत असताना त्यांनी माझा हात धरला. "बाई, खरं सांगा. माझं चुकलं काय ओ? धा मिनटं तर ऱ्हायली होती. ह्यांनी मनातून मला कधी माफ केलं न्हाय बघा."

मग मला राहवेना. मिस्त्रींनी एकदा, वहिनी बाजारात गेलेल्या असताना, मला सांगितलं होतं आणि वर शपथ घातली होती, "तिला सांगू नका, लई चढून बसंल." तेच मी वहिनींना सांगितलं. वाऱ्याला पाठ द्यायची तर शीड ढिलं सोडावं लागतं. नुसतं सुकाणू ओढून भागत नाही. मिस्त्री म्हणाले होते, "बाई, दोर माझ्या हातात हुता. मी सोडला नसता तर होडी फिरली असती व्हय? तोंडानं वरडलो, पण दोर मीच सोडला."

वहिनींनी माझा हात सोडला. मग पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "बघा की! मला वाटत हुतं, मी एकटीनंच फिरवली."