एक रिंग म्हणजे सगळं ठीक

मुलानं चौथ्यांदा माझा फोन कापला. समोरच्या नर्सिंग होममध्ये सून रक्त जाऊन पांढरी पडली होती. आठवा महिना. डॉक्टरीण म्हणाली होती, "तिच्या गटाचं रक्त आमच्याकडे नाही. नवऱ्याचा गट तोच आहे, लगेच बोलवा." तो बंगळूरबाहेर, बोम्मसंद्राच्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त करत होता आणि मी जयनगरच्या फोन बूथमध्ये रिसीव्हर धरून उभी होते.

तो कापत होता, कारण नियम माझाच होता. मोबाईल नवे आलेले ते दिवस. आलेला फोन उचलला तरी कार्डातली मिनिटं जायची, आणि ती संपली की बोलणं मध्येच तुटायचं. कामं मिळावीत म्हणून मुलानं मोबाईल घेतला होता. मी बजावलं होतं, "माझा फोन उचलायचा नाही. रोज दुपारी बूथवरून एक रिंग देईन. म्हणजे घरी सगळं ठीक." ठीक नसलं तर काय, हे मला सुचलं नाही. मी चौथी शिकलेली. पण शिकलेल्या मुलानंही विचारलं नाही.

बूथवाली कन्नड. वयानं लहान, तरी मी तिला अक्का म्हणायचे.

"अज्जी, आज एका रिंगेवर भागत नाही वाटतं?" ती हसली. मी सांगितलं तशी तिची थट्टा थांबली.

"हा नंबर तो ओळखतो, म्हणून कापतो. स्वल्प थांबा." बूथ तिच्या घराला लागूनच होता. तिनं खिडकीतून घरातला फोन ओढून माझ्यापुढं ठेवला.

पहिल्याच रिंगेला मुलानं उचलला. "हॅलो, गुड आफ्टरनून सर!"

"मी सर नाही, तुझी आई."

"आई? अगं, कार्ड संपत आलंय, ठेव."

"गप. बायकोला रक्त लागतंय, तुझं. नर्सिंग होमला..."

फोन तुटला. परत लावला, लागला नाही.

मी सुनेपाशी जाऊन बसले. "येतोय तो," म्हटलं. खरं की खोटं, मला ठाऊक नव्हतं.

तो कुणाच्या तरी स्कूटरवर मागं बसून आला. हात ग्रीसनं काळे. नर्सनं दोनदा धुवायला लावले.

"किती ऐकलंस?" मी विचारलं.

"'बायकोला रक्त', एवढंच. बाळंतपणासाठी तिचं नाव इथंच घातलंय, मग दुसरीकडं कुठं जाणार?"

अक्कानं त्या फोनचे पैसे घेतले नाहीत. संक्रांतीचा पहिला तिळगूळ अजून तिच्याच घरी जातो. त्या मोबाईललाही मी नावं ठेवत नाही. उरलेल्या मिनिटात त्यानं माझं काम केलं.

आता घरात सगळ्यांचा रोजचा डेटा दुपारीच संपतो आणि ओरड होते. मी माझ्या फोनवरचा देऊन टाकते. मला लागतो किती?

त्या संध्याकाळी मुलगी झाली. सून वाचली. मुलगीही वाचली.