गादीवरची पहिली फेरी

सिद्रामअण्णांच्या चपला वर्षानुवर्षं नव्याच राहिल्या. वळसंगहून एसटीने येताना त्या पायात नसत, हातातल्या पिशवीत असत. नवी पेठेतल्या आमच्या साड्यांच्या दुकानात आले की ते पिशवी खुंटीला अडकवत, पाय धुऊन कोरडे करत आणि गादीवर चढत. मालक चिडवायचे, "अण्णा, चपलांना फिरवून आणता होय रोज?" अण्णांचं उत्तर ठरलेलं. "जमीन आपनहून गार करतीया, मधी चामडं कशाला?" आणि सोलापूरच्या उन्हात डांबर तापतं तेव्हा? "तवा पळायचं की!"

दुकान उघडलं की पहिली फेरी अण्णांची. साड्यांच्या टाचण्या गादीवरच्या पांढऱ्या चादरीत पडून राहतात, आणि गिऱ्हाइकांची रांगती पोरं तिथंच खेळतात. म्हणून अण्णा हात मागं बांधून, डोळे मिटून, या टोकापासून त्या टोकापर्यंत अनवाणी चालत. तळवा थबकला की वाकून टाचणी उचलत. ते "हं, बसवा" म्हणेपर्यंत मालकसुद्धा गादीवर बसत नसत. मी कामाला लागले तेव्हा हा प्रकार बघून मला हसू आवरेना. टाचण्या शोधणारा माणूस इतका सुखी दिसू नये, पुरणपोळीचा पहिला घास घेतल्यासारखा!

लग्नसराईतली गोष्ट. फेरी झाली, अण्णा "हं, बसवा" म्हणाले, आणि एक कुटुंब नवरीच्या साड्या बघायला बसलं. बरोबरचं तान्हं त्यांनी गादीवर सोडलं. अण्णा साडीचा पदर उलगडत इकडून तिकडे चालत होते आणि नवरीच्या आईला हसवत होते. मी घड्या घालत होते. चादरीवर एक लाल ठिपका दिसला. मग दुसरा. ठिपके अण्णांच्या डाव्या पायामागून चालले होते.

मी आधी ते बाळ उचलून त्याच्या आईकडे दिलं. मग अण्णांना दंडाला धरून पडद्याआड नेलं. करंगळीखाली टाचणी डोक्यापर्यंत रुतलेली होती आणि भोवतालची कातडी पांढरी, फुगलेली. ती जखम आजची नव्हतीच, टाचणी जुन्या जखमेत शिरली होती. मी ती ओढून काढली. अण्णा माझ्या तोंडाकडे बघत होते.

"निगाली का?" त्यांनी विचारलं.

"अण्णा, तुम्हाला कळलं नाही?"

"दिवाळीपासनं तळव्याला कायबी कळत न्हाय. साखर हाय की मला." ते खाली बघून म्हणाले, "डोळ्यानं हुडकतो. आज येक ऱ्हायली."

तेव्हा लक्षात आलं, अलीकडे ते फेरी मारताना डोळे मिटत नव्हते. त्यांनी माझं मनगट धरलं. "शबाना, मालकास्नी बोलू नगं. डाक्टर बूट घालाय लावतोय. बूट घालून गादीवर कोन चढू देतंय मला?"

"आणि पाय गेला तर कुठल्या गादीवर चढणार?" मी ओरडलेच. मला भयंकर राग आला होता आणि तितकीच भीती वाटत होती. तिथूनच मी मालकांना हाक मारली. रिक्षात अण्णा माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत.

दवाखान्यात डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटायला सांगितलं. हातात बारीक दोऱ्यासारखी काडी होती. "लागलं की सांगा." डॉक्टर तळव्याला ठिकठिकाणी काडी टेकवत होते, अण्णा गप्प. मग डॉक्टरांनी हात मागे घेतला, आणि अण्णा घाईघाईने म्हणाले, "व्हय! आत्ता लागलं की!"

डॉक्टरांनी काडी खाली ठेवली. मला तिथं उभं राहवेना.

पाय वाचेल की नाही, हे ऑपरेशनमध्ये जखम कापून उघडल्यावरच कळणार होतं. बाहेर बाकावर अण्णांची बायको, आमच्या काकू, चपलांची पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. दार उघडलं की आम्ही दोघी उठत होतो आणि पुन्हा बसत होतो. शेवटी कळलं, दोन बोटं गेली, पाऊल राहिलं. काकूंनी पिशवीवर डोकं टेकवलं आणि त्या रडल्या.

अण्णा पुन्हा दुकानात आले ते कामावर नव्हे, निरोप घ्यायला. पायात जाड काळे बूट. गादीच्या कडेला, खालीच, त्यांनी स्टूल मांडून घेतलं. दुकान नुकतंच उघडलं होतं. ते माझ्याशी बोलतील का, या धास्तीने मी उगाच कपाट आवरत होते.

"शबाना," ते म्हणाले, "पायतान काढ आनि चढ वर. डोळं मीट."

मी हात मागं बांधून चालू लागले. घाबरत, एकेक पाऊल. पार पलीकडच्या टोकाला काहीतरी टोचलं. मी वाकून उचललं आणि आनंदाने ओरडले, "सापडली, अण्णा! टाचणी!"

"टाचनीचं ऱ्हाऊ दे गं," अण्णा म्हणाले. "गादी गार हाय का, त्ये सांग."

"गार आहे," मी म्हटलं. "लई गार आहे, अण्णा."

त्यांनी डोळे मिटून घेतले. मी दुसरी फेरी सुरू केली.