अर्धी लिंपलेली ढोली

ढोलीचं बाहेरचं लिंपण निम्मं झालं होतं, आणि रुखमाबाईचा शेणामातीनं भरलेला हात खालच्या तोंडापाशी येऊन थांबला.

ढोली बांबूच्या ताट्यांची, गोल, माणसाहून उंच. धान वरून ओतायचं आणि लागेल तसं खालच्या तोंडातून काढायचं. त्या तोंडात चिंध्यांचा बोळा कोंबलेला असतो. गेल्या वर्षीचं धान केव्हाच संपलं होतं, नवं उद्या शेतावरून यायचं होतं, म्हणून ही लिंपालिंपी. तर तो बोळा तिनं काढला आणि पाहते तो काय, घडी घातलेला. रुमालासारखा, चौपदरी.

उंदीर बोळा ओढतो, कुरतडतो. घडी घालत नाही.

तिनं तोंडातून हात आत घातला. हाताला लागली शेंगदाण्याची टरफलं. तीही ताजी, अजून भाजल्याचा वास येत होता.

रुखमाबाईचा पहिला संशय शेजारच्या कमळाबाईवर गेला. तिचा पहिला संशय नेहमी कमळाबाईवरच जायचा. ढोली रिकामी आहे हे डोळ्यांनी पाहून गावभर करायला आली असेल. पण कमळाबाईला दात कुठे होते शेंगदाणे खायला?

दुसरा संशय मनात आला तशी ती उठून ओट्यावर जाऊन बसली. तो संशय रंजीतावर होता.

रंजीता तिच्या भावाची, धनराजची मुलगी. कुरखेड्याच्या पलीकडलं जंगलातलं गाव, तिथे कॉलेज नाही, म्हणून बी.एस्सी.साठी आत्याकडे आरमोरीला आलेली. तीन खोल्यांत नऊ माणसं. एका खोलीत मोठा मुलगा, सून दिव्या आणि त्यांची दोन लेकरं. दुसरीत म्हातारे सासरे आणि त्यांचा खोकला. मधल्या खोलीत टीव्ही, आणि टीव्हीसमोर उरलेले सगळे. रंजीता पुस्तक उघडायची की कोणीतरी हाक मारायचं. पोळ्या लाट, लेकराला धर, माझा चष्मा पाहिलास का. पोरगी कधी तोंड वर करून बोलली नाही. रुखमाबाईला तेच खटकायचं. न बोलणाऱ्या पोरीच्या पोटात काय आहे कोण जाणे.

आणि रुखमाबाईच्या स्वतःच्या पोटातही काहीतरी होतंच. तिच्या माहेरची रीत अशी की बहीण लग्न होऊन गेली की भावानं पुढे आपली मुलगी बहिणीच्या मुलाला द्यायची. दूध परत करणं म्हणतात त्याला. रुखमाबाईचा धाकटा प्रणित राइस मिलमध्ये पोती उचलायचा. रंजीताला घरात घेतानाच रुखमाबाईनं मनात जोडी लावून ठेवली होती. उद्या धान येणार, धानासोबत धनराजही येणार. नवं धान ढोलीत पडलं, कोपऱ्यातल्या पेनाला, म्हणजे घरच्या देवाला, त्याचा भात चढला, की मगच या घरात लग्नाचा बोल निघायचा. त्याआधी निघालेला बोल टिकत नाही, असं तिची सासू सांगून गेली होती. पोरीला यातलं काही सांगितलेलं नव्हतं. पोरीला काय सांगायचं असतं?

पण पोरगी ढोलीपाशी कोणाला भेटत असेल तर? उद्या भावासमोर काय तोंड दाखवायचं?

दुपारी जेवणं झाली. रंजीतानं पिशवी खांद्याला लावली.

"आत्या, लायब्ररीत चालली."

"जाय. ऊन लई हाये, सांभाळून."

ती गेली. रुखमाबाईनं वाकून बाजेखाली पाहिलं. रंजीताच्या चपला तिथेच होत्या.

"दिव्या," तिनं सुनेला हाक मारली, जरा मोठ्यानंच, मागच्या परसापर्यंत, सांदवाडीपर्यंत ऐकू जाईल अशी, "मी कमळाबाईकडं शेण मांगाले चालली वो. येळ लागन."

"कमळाबाईकडं गेल्या म्हणजे येळ लागनच," दिव्या म्हणाली. "तिकडूनच जेवून या रातचं."

"जीभ पाह्य हिची."

रुखमाबाई पुढच्या दारानं गेली आणि कुंपणाच्या फटीतून मागच्या सांदवाडीत शिरली. तिथे ढोलीच्या पडवीला लागूनच तणसाचा, धानाच्या पेंढ्याचा ढीग होता. त्याच्या आडोशाला ती बसली. मनात म्हणाली, पेना, तूच पाह्य आता. मी काई पाप करून नाई राह्यली, घर राखून राह्यली.

थोड्या वेळानं प्रणित आला. हातात कोयता आणि बांबूची कांब. जन्मात कधी बांबूला हात न लावलेला पोरगा ढोलीला टेकून बसला आणि कांब न सोलता खाली वाकला. खालच्या तोंडातला बोळा काढला. त्याची घडी घातली.

"हाये का?" त्यानं ढोलीच्या तोंडातून आत विचारलं.

"हाये," ढोली बोलली.

रुखमाबाई तणसात आणखी खाली सरकली. तिचा स्वतःचा मुलगा! परका कोणी नाही म्हणून जीव भांड्यात पडला, आणि दुसऱ्याच क्षणी चढला राग. लग्नाआधी असं? तिच्या घरात? धानाच्या जागेत?

"आधी ते म्हणून दाखव," ढोलीतून रंजीताचा आवाज आला. "उद्या बाबा आल्यावर काय म्हणशील?"

"मामा," प्रणित शाळेतल्या पोरासारखा म्हणाला, "मले आता लगन नाई करायचं. मले वनरक्षकाची भरती मारायची हाये."

"आनं मा रडली तं?"

"तरीबी नाई म्हणीन."

"मागं एकदा मा रडली तवा तू तिच्या पाया पडला होता, गधड्या. पुन्हा म्हण."

रुखमाबाई तणसातून अशी उठली की प्रणितच्या हातातून कोयता पडला.

"निघ बाहेर! निघ आधी बाहेर!"

आतल्या पालथ्या टोपलीवर चढून रंजीताचं डोकं ढोलीच्या वरच्या काठावर आलं. केसांत भुसा, हातात पेन्सिल. पोरगी घाबरली होती, पण खाली वाकली नाही.

"धानाच्या जागी पाय देऊन उभी हायेस तू! लक्ष्मीच्या डोस्क्यावर!"

"पाय धुऊन उतरतो, आत्या. रोज. आनं ढोलीत राह्यलेलं मूठभर धान त्या फडक्यात बांधून तिकडं खुंटीले टांगलं. ढोली पुरती रिकामी ठेवू नाई म्हणते ना तू."

रुखमाबाईनं पाहिलं. खुंटीला फडकं होतं. म्हणजे रीत पोरीला ठाऊक होती, आणि रीत ठाऊक असून ही पोरगी कट करत होती. हे तर जास्तच वाईट.

"कवापासून चालू हाये हे?"

"घरात जागा नाई, आत्या, म्हणून अभ्यासाले इथी उतरतो," रंजीता म्हणाली. "कमळाबाईनं सांगितलं, सून आधीच घरात आणून ठेवली तुमच्या रुखमाबाईनं. तवा समजलं मले. तं मीच प्रणितले म्हटलं, तू नाई म्हण, मी तुले गणित शिकवतो. त्याले भरतीत गणितच मारते."

"गणित!" रुखमाबाई प्रणितकडे वळली. "आनं ढोलीतून काऊन? ओट्यावर बसून शिकता नाई येत?"

"ओट्यावर बसलो असतो तं तू जोडी पक्कीच धरली असती, मा," प्रणित म्हणाला.

हे काही खोटं नव्हतं. तिनं धरलीच असती.

पण ती काही एवढ्यावर भुलणारी नव्हती. "मग शिकव. माह्यासमोर शिकव. मी इथीच बसतो."

ती खरंच बसली. हातात मातीचा गोळा घेतला, पण लिंपलं नाही. रंजीता पुन्हा आत उतरली. प्रणितनं सदऱ्याखाली लपवलेली पाटी काढली आणि गणित लिहून ती ढोलीच्या तोंडातून आत सरकवली.

"हे काय लिहिलं?" आतून आवाज. "माणसं वाढली तं दिवस वाढतीन का? वाढले धान कापणारे, तं काम लवकर संपते का उशिरा? डोस्क्यात भुसा भरला का तुह्या?"

"मजूर कामचुकार असतीन तं?"

"मग तुह्यासारखे असतीन. खोड ते." पाटी परत बाहेर आली.

रुखमाबाई कान देऊन ऐकत होती. ज्याच्याशी लग्न करायचं त्याच्याशी कोणी असं बोलत नाही, असं तिला वाटलं. मग तिला आठवलं की ती स्वतः नवऱ्याशी असंच बोलते. पुन्हा संशय आला. दोघांचा एकच डाव असेल का? आज नाही म्हणायचं आणि उद्या दोघांनी गुपचूप भलतीकडेच कुठे जायचं? तिनं प्रणितचा चेहरा न्याहाळला. पोरगा जीभ बाहेर काढून आकडे खोडत होता. त्या चेहऱ्यावर गणिताच्या भीतीशिवाय काही नव्हतं. निदान आत्ता तरी.

"पेपर कवा हाये तुहा?" तिनं ढोलीला विचारलं.

"पुढच्या पंधरवड्यात सुरू होतीन."

"आनं मंग?"

"मंग एम.एस्सी. करीन म्हणतो." मग आवाज तोंडाजवळ आला. "आत्या, तुले विचारायचंच असन तं मले विचारजो. बाबाले नाई."

रुखमाबाईनं मातीचा गोळा या हातातून त्या हातात घेतला. कोणी मुलीला असं विचारल्याचं तिनं ऐकलेलं नव्हतं. तिला स्वतःला तर कोणी विचारलं नव्हतं. ती ढोलीकडे पाहत राहिली. वरचं अर्धं अंग ओलं, काळपट. खालचं अर्धं तसंच, जुन्या भेगांचं. ओल्या ढोलीत धान ओतत नाहीत. अर्ध्या लिंपलेल्या ढोलीत तर नाहीच नाही. आणि ढोलीत धान पडल्याशिवाय या घरात बोल निघत नाही.

तिनं मातीचा गोळा पुन्हा घमेल्यात टाकला आणि हात धुतले.

मागच्या दारात दिव्या उभी होती. सगळं ऐकलं होतं तिनं, चेहऱ्यावरूनच कळत होतं.

"शेण भेटलं का बाई?"

"कमळाबाई घरी नाई," रुखमाबाई म्हणाली. "ढोली आता राहू दे तशीच. माहा भाऊ आला तं सांगजो, ढोली वाळायची हाये."

"आनं उद्याचं धान? ठेवायचं कुठी? माह्या डोस्क्यावर?"

"पेपर होईपर्यंत पोत्यात राहीन. मेलं नाई कोणी पोत्यात ठेवून." मग ती ढोलीकडे वळून म्हणाली, "पेपर झाल्यावर मी तुलेच विचारणार हाओ. सोडणार नाई. आनं त्या बाजेखालच्या चपला उचल आधी, लायब्ररीत जाणारी!"

ढोलीतून हसू आलं की ठसका, ते तिला नीट कळलं नाही. तिनं पदर खोचला, आणि रिकामी पोती मागायला ती राइस मिलकडे निघाली.